इंदूताईंनी निवडलेले स्पीकर

इंदूताई देवऱ्यांना गाण्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. भूप कुठला, यमन कुठला, सम कुठे आली, गाणारी बाई सुरात आहे की नाही, यातलं त्यांना काही विचारायची सोय नव्हती. "मला ते विचारू नका सुनीलभाऊ, मी त्यातली नाही," असं त्या स्वतःच सांगून टाकायच्या. त्यांच्या घरात रेडिओ नव्हता. टीव्ही होता तो त्यांच्या वडिलांसाठी, अण्णांसाठी. अण्णांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या बातम्या आम्हाला दुसऱ्या मजल्यावर घरबसल्या मिळायच्या. तरीही इतकी वर्षं गाणी रेकॉर्ड करण्याचं काम करताना मी ज्या एका माणसाच्या कानाला वचकून राहिलो, तो कान इंदूताईंचा.

त्या कॉलेज रोडच्या बाजूला एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात नोकरीला होत्या. लोकांना किती ऐकू येतं हे तपासायचं त्यांचं काम. एका छोट्या बंद खोलीत पेशंट हेडफोन लावून बसायचा, काचेच्या अलीकडे इंदूताई मशीनपाशी. मशीनमधून बारीक 'पीं' असा आवाज निघायचा. तो ऐकू आला की पेशंटने हातातलं बटण दाबायचं. आवाज हळूहळू बारीक करत न्यायचा, आणि पेशंट कुठे थांबतो ते कागदावर मांडायचं. हे त्यांनी वीस वर्षं केलं होतं. उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, हातात एकच घड्याळ. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारायची हिंमत आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणाला झाली नाही.

मी त्या वेळी नुकती सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती. नोकरीत असताना बारा-तेरा वर्षं मी एका बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवायचो. लग्नसराईत सुट्टीचा एकही दिवस घरी नसायचो. मग कॅसेटचा जमाना संपत आला, घराघरांत कॉम्प्युटर यायला लागले, आणि माझ्या डोक्यात आलं की आपणच घरी गाणी रेकॉर्ड करावीत. मागची बेडरूम रिकामी केली. कॉम्प्युटर, एक माइक, एक मिक्सर आणि घरातल्याच म्युझिक सिस्टिमचे दोन स्पीकर, एवढ्यावर स्टुडिओ सुरू झाला. भजनी मंडळं, शाळांची प्रार्थनागीतं, निवडणुकीच्या जाहिराती, जे येईल ते करत होतो.

इंदूताई पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा मला वाटलं, आवाजाचं भांडण घेऊन आल्या. मी आधीच माफी मागायला लागलो. त्या म्हणाल्या, "आवाजाचं काही नाही. अण्णांना तेवढाच विरंगुळा होतो. मी वेगळंच सांगायला आले. तुम्ही काल ती आरती वाजवत होता ना, त्यात मागे एक शिट्टी आहे."

"शिट्टी? नाही हो ताई, बासरी आहे त्यात."

"बासरी नाही. पंखा बंद करता का जरा?"

इंदूताईंचं कुठलंही महत्त्वाचं बोलणं पंखा बंद करूनच सुरू व्हायचं. मी पंखा बंद केला, आरती लावली. त्या दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. मग आत आल्या, माझ्या कॉम्प्युटरच्या त्या मोठ्या पेटीसारख्या स्क्रीनपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "ही. ही वाजतेय. बंद करा बरं." मी स्क्रीन बंद केला. "आता नाही," त्या म्हणाल्या. "गाणं घेताना ही चालू होती. अख्ख्या आरतीत आहे."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. माझी बायको माधुरी स्वयंपाकघरातून आली, तिने दोनदा स्क्रीन चालू-बंद करायला लावला आणि म्हणाली, "अगं बाई, खरंच की!" मला वाटलं, बायकांचं काहीतरी. पण दुसऱ्या दिवशी स्क्रीन बाहेर ठेवून, लांब वायर टाकून आरती पुन्हा घेतली.

त्यानंतर जिन्यात दिसल्या की नमस्कार व्हायचा. कधी काही द्यायला वर गेलो तर आतून अण्णांची हाक यायची, "कोन शे वं इंदू?" अण्णा देवळ्याचे, अहिराणी बोलणारे. आयुष्य कांद्याच्या लिलावात बोली पुकारण्यात गेलं होतं, त्यामुळे आवाज मोठा आणि कान गेलेले. लेकीने दिलेलं ऐकायचं मशीन ते खिशात ठेवायचे. "हाई कानमा घालं का सगळी कटकट ऐकू येस," असं मला म्हणाले होते. इंदूताईंनी त्यावर कधी आग्रह केला नाही. त्या अण्णांच्या समोर येऊन, त्यांना आपलं तोंड दिसेल अशा बसायच्या आणि अगदी हळू बोलायच्या. अण्णांना सगळं कळायचं. असं दोघांचं बोलणं चाललेलं मी पाहिलंय. एकाचा आवाज रस्त्यापर्यंत, दुसरीचा शेजारच्या खुर्चीपर्यंतसुद्धा नाही.

मग माझ्यावर वेळ आली. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीने आठ गाण्यांची सीडी मागवली होती. ते काम पसंत पडलं असतं तर वर्षभराची चिंता मिटली असती. मी तीन महिने त्यात घालवले. सीडी परत आली. सोबत चिठ्ठी होती, आवाज फार टोचतो, दुरुस्त करून पाठवा. मी दुरुस्त केली, ती पुन्हा परत आली. आता फोनवर तिथला माणूस म्हणाला, "अहो, प्रत्येक स आणि श कानाला चावतो. तुम्ही ऐकता कशावर हे?"

कशावर ऐकतो ते मी सांगितलं नाही. पण दोष कुठे आहे ते मला कळलं, असं मला वाटलं. घरच्या म्युझिक सिस्टिमचे स्पीकर गाणं गोड करून ऐकवतात. स्टुडिओत वेगळे स्पीकर लागतात, त्यांना मॉनिटर म्हणतात. ते काही गोड करत नाहीत, जे आहे तेच ऐकवतात. मी ठरवलं, मॉनिटर घ्यायचे. नाशकात तेव्हा ते सहजासहजी मिळत नव्हते. मेन रोडकडे वाद्यांचं दुकान असलेले जाधवशेठ म्हणाले, "मुंबईहून तीन जोड्या मागवतो. रविवारी घेऊन येतो तुमच्याकडे. ऐका, जी आवडेल ती ठेवा."

माधुरी म्हणाली, "वरच्या ताईंना बोलवा."

"त्यांना गाण्यातलं काय कळतं?"

"गाण्यातलं नाही. शिट्टीतलं कळतं," माधुरी म्हणाली आणि स्वतःच वर जाऊन बोलावून आली.

रविवारी सकाळी जाधवशेठ तीन जोड्या घेऊन आले. एक जोडी पिवळ्या पडद्याची, मोठी, सगळ्यात महाग. एक करड्या रंगाची, दिसायला अगदीच साधी. तिसरीवर निळा दिवा होता आणि तिच्याकडे बघूनच माझं मन तिच्यावर बसलं होतं. शेठनी वायरी जोडल्या आणि एक गाणं लावलं. पहिल्यांदा करडी, मग निळ्या दिव्याची, शेवटी पिवळी. पिवळी लागली आणि खोली भरून गेली. "बघा!" शेठ म्हणाले. मीही मान डोलावली.

इंदूताई वेताच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून चष्म्याच्या घरापेक्षा थोडं मोठं एक यंत्र काढलं. आवाज किती मोठा आहे ते मोजायचं यंत्र, दवाखान्यातलं. त्या म्हणाल्या, "शेठ, तिन्ही परत लावता का? तेच गाणं, तीच ओळ."

पुन्हा तिन्ही वाजले. इंदूताईंनी यंत्र माझ्या खुर्चीपाशी धरलं होतं, जिथे ऐकणाऱ्याचं डोकं येतं बरोबर तिथे. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "पिवळ्याचा आवाज तुम्ही मोठा ठेवलाय. मोठा आवाज माणसाला चांगला वाटतो. तुम्हालाही वाटेल, मलाही वाटेल. तिन्ही सारखे करा."

शेठ जरा कावरेबावरे झाले. "मुद्दाम नाही हो मॅडम, त्याचं बटणच तसं आहे."

"असेल की. आपण सारखे करू."

यंत्राचा काटा एका जागी येईपर्यंत त्यांनी बटणं फिरवून घेतली. तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मी स्पीकर टेबलावर भिंतीला टेकवून ठेवले होते. "भिंतीपासून पुढे घ्या, भिंत त्यांचा आवाज जाड करते," म्हणाल्या. अण्णांच्या खोलीतून दोन गोधड्या आणून मागे टांगल्या. सुतळी मागितली. एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत जेवढी सुतळी, तेवढीच प्रत्येक स्पीकरपासून माझ्या डोक्यापर्यंत, असं मोजून खुर्ची ठेवली. स्पीकरखाली विटा रचून त्यांची उंची माझ्या कानाशी आणली. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं होतं, असं विचारलं तर म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात? दोन्ही कानांना सारखंच पोचायला नको?"

मग त्यांनी माधुरीकडे एक पातळ साडी मागितली आणि स्पीकरच्या पुढे दोरीवर टाकली. आता कुठली जोडी वाजतेय ते दिसायचं बंद झालं. जाधवशेठ हवालदिल. "मॅडम, गिऱ्हाइकाला माल दाखवावा लागतो हो!"

"माल ऐकायचाय ना?"

शेवटी कुठलं गाणं लावायचं यावर चर्चा सुरू झाली. मी माझं सांगत होतो, शेठ त्यांचं. इंदूताई म्हणाल्या, "गाणं कशाला? तुम्ही गाणारी बाई समोर बसून कधी ऐकलीय का? मूळ आवाज कसा होता ते कुठे माहीत आहे? रोज ज्या माणसाचा आवाज कानावर पडतो, ते माणूस वाजवा." त्यांनी माधुरीला माइकसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "वाण्याची यादी वाचा."

माधुरीने वाचली. "साखर, शेंगदाणे, साबुदाणा, सुंठ, शिकेकाई, चहा, शेव पाव किलो." ते रेकॉर्ड केलं. मग साडीआडून तीन वेळा तीच यादी आली, आणि प्रत्येक वेळी अगोदर माधुरीने साडीशेजारी उभं राहून ती प्रत्यक्ष वाचायची. मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी कुणी हसलं नाही. आपली बायको साडीच्या अलीकडे आणि तीच पलीकडे, हे ऐकताना अंगावर काटा आला.

"कुठली माधुरी खरी?" इंदूताईंनी विचारलं.

शेठ म्हणाले, "दुसरी. मानावंच लागेल." माधुरी स्वतः म्हणाली, "दुसरी. मी तशीच बोलते." साडी बाजूला केली तर दुसरी म्हणजे करडी, साधी जोडी. पिवळ्यातली माधुरी घसा बसल्यासारखी होती, असं दोघांचंही मत पडलं.

"तुम्हाला?" ताईंनी मला विचारलं.

"तिसरी," मी म्हणालो. निळ्या दिव्याची. "तिच्यात माधुरी स्वच्छ आहे. दुसरीत तोंडाला पदर लावून बोलल्यासारखी वाटते."

माधुरी मोठ्यांदा म्हणाली, "अहो, काहीतरीच काय! तिसऱ्यात मी सापासारखी फुसफुसतेय!"

इंदूताईंनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग शेठना म्हणाल्या, "तिन्ही जोड्या आठवडाभर राहू देता का? घाईत नको." शेठ हो म्हणून गेले. मी इंदूताईंना सोडायला वर जिन्यापर्यंत गेलो तेव्हा पायरीवर थांबून त्या हळूच म्हणाल्या, "मंगळवारी साडेनऊला दवाखान्यात या. माझ्याकडे. उपाशीपोटी यायची गरज नाही." शेठसमोर, माधुरीसमोर त्यांनी एक शब्द काढला नव्हता. हे मला फार नंतर उमगलं.

मंगळवारी मी गेलो तेव्हा माझ्या आधी विंचूरकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. मुलगा सोबत आला होता. म्हातारबाबा बटण हातात धरून ऐटीत बसले आणि पटापट दाबत सुटले. इंदूताई काचेतून बघत होत्या. त्यांनी मशीनवरचे हात काढून मांडीवर ठेवले. बाबांनी आणखी तीनदा बटण दाबलं. इंदूताई उठून आत गेल्या, दार उघडंच ठेवलं, त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"बाबा, आत्ता आवाज चालूच नव्हता."

बाबा दचकले. "नाय? मला वाटलं, आता वाजला असंल."

"ऐकू येतं का नीट?"

"लय भारी येतं. पोरगं उगंच घेऊन आलं."

"बाबा, ही शाळेची परीक्षा नाही. इथे पास व्हायचं नसतं. नाही ऐकू आलं तर नुसतं बसून राहायचं. तेवढंच मला हवंय."

म्हातारे मुलाकडे चोरून बघत म्हणाले, "घरात कळलं का मग कुनी काय सांगत नाय हो. म्हाताऱ्याला काय कळतं म्हनून उठून जातेत." इंदूताईंनी मान हलवली. त्यांना घाई नव्हती. बाबांनी दुसऱ्यांदा तपासणी दिली तेव्हा कितीतरी वेळ ते बटणाला हात न लावता बसले होते, आणि त्यांना तसं बसलेलं बघणं मला अवघड गेलं.

नंतर मी आत बसलो. दार बंद झालं. पहिले आवाज जाड होते, मी लगेच बटण दाबलं. मग बारीक. मग आणखी बारीक, वरच्या पट्टीतले. आणि एकदम काहीच नाही. काचेपलीकडे इंदूताईंचा हात मशीनवर हलत होता. मला कळत होतं की आत्ता काहीतरी वाजत असणार. मी बटण दाबलं. थोडं थांबून परत दाबलं. आणि त्यांनी दोन्ही हात उचलून मला दाखवले. रिकामे.

माझा चेहरा कसा झाला असेल ते त्यांनीच बघितलं. त्यांनी तपासणी पुन्हा पहिल्यापासून घेतली. या वेळी मी नुसता बसून राहिलो.

बाहेर आल्यावर त्यांनी कागद समोर ठेवला. दोन रेघा होत्या, एक उजव्या कानाची, एक डाव्या. दोन्ही सरळ चालत येत होत्या आणि एका जागी विहिरीत उतरावं तशा खाली गेल्या होत्या. डावी फारच खोल.

"बेंजो पार्टीत तुम्ही कुठल्या बाजूला उभे असायचात?" त्यांनी विचारलं.

"वरातीच्या गाडीच्या उजवीकडे."

"आणि गाडीवरचा भोंगा तुमच्या डाव्या हाताला."

मी हो म्हणालो.

"किती वर्षं?"

"बारा. तेरा."

त्यांनी पेन्सिलीने त्या खड्ड्यावर हलकी खूण केली. "स, श, छ, झांज, तंबोऱ्याची झिणझिण, हे सगळं इथे असतं. तुम्हाला ते कमी येतं, म्हणून तुम्ही गाण्यात ते वाढवता. तुम्हाला बरोबर वाटेपर्यंत वाढवता. मग बाकीच्यांना टोचतं. स्पीकरचा यात काही दोष नाही."

"परत येईल?"

"नाही."

त्यांनी ते इतकं साधेपणाने सांगितलं की मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. घरी येऊन मी दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. माधुरीला म्हणालो, कारखान्यात परत विचारून बघतो. नोकरी सोडून, चांगला पगार सोडून, बेचाळिसाव्या वर्षी मी जे करायला निघालो होतो, त्यासाठी लागणारा माझा अवयवच नादुरुस्त होता. ती वर जाऊन इंदूताईंपाशी बसली असावी, कारण तिसऱ्या दिवशी त्या खाली आल्या. पंखा मी स्वतःच बंद केला.

"मी तुम्हाला कान देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला कुठे ऐकू येत नाही, ते आता माहीत आहे. बाकीच्यांना तेही माहीत नसतं. करडे घ्या. त्यांच्यात तुम्हाला सगळं पदराआडचं वाटेल. वाटू दे. तेच बरोबर आहे, असं समजायला शिका. दर गुरुवारी मला सुट्टी असते. चारला येत जाईन."

करडे स्पीकर राहिले. माझ्या कानाचा तो कागद मी दोन्ही स्पीकरच्या मधल्या भिंतीवर चिकटवला. आणि इंदूताई दर गुरुवारी चारला यायच्या. वेताच्या स्टुलावर, डोळे मिटून, हात मांडीवर. मी गाणं लावायचो. जिथे टोचेल तिथे त्यांचं एक बोट वर व्हायचं. मी बटण फिरवत राहायचो, बोट खाली येईपर्यंत. मग ती जागा, तो आकडा वहीत लिहायचा. पुढच्या गाण्याला आधी मी माझ्या अंदाजाने करायचं, मग बोट. सुरुवातीला एका गाण्यात तीस-चाळीस वेळा बोट वर जायचं. चहा त्या काम संपल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. असं आठ महिने सलग चाललं, पुढे अधूनमधून. ज्या बाईला दिवसभर दवाखान्यात पीं पीं ऐकून घरी आल्यावर शांतता हवी असायची, गाण्याची मुळीच आवड नव्हती, ती आपली गुरुवारची सुट्टी माझ्या भजनांना देत होती. मी एकदा संकोचून म्हणालो, "ताई, तुम्हाला कंटाळा येत असेल." त्या म्हणाल्या, "येतो. पुढचं लावा."

याच दिवसांतली एक गोष्ट आहे. पंचवटीतल्या एका भजनी मंडळाच्या बाई गायला आल्या होत्या. नेहमीसारख्या हसत आल्या, गायल्या, चहा घेऊन गेल्या. त्या गुरुवारी इंदूताईंनी ते भजन ऐकलं. बोट दोनदाच वर गेलं. गाणं संपल्यावर त्या डोळे उघडून म्हणाल्या, "ह्या बाई रडून आल्या होत्या का?"

"छे हो. हसत होत्या चांगल्या."

"म आणि न म्हणताना नाक बंद आहे. सर्दीचं असं नसतं, सर्दीत घसाही बदलतो. हे रडल्यावरचं आहे. विचारा त्यांना, बऱ्या आहेत का."

मी विचारायला धजेना. माधुरीने फोन केला. त्या बाई फोनवरच रडायला लागल्या. त्यांच्या आईला त्याच सकाळी दवाखान्यात ठेवलं होतं आणि गाण्याची वेळ ठरलेली म्हणून त्या तशाच आल्या होत्या. कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर तीन हातांवर बसलो होतो, त्यांच्याकडे बघत होतो, आणि मला काही कळलं नव्हतं. जिला सुरांमधल्या ग आणि म मधला फरक माहीत नव्हता, तिला कळलं. मला त्या संध्याकाळी इंदूताईंच्या घरासमोरून जाताना चप्पल काढावी असं वाटलं. खरंच वाटलं.

मुंबईची ती सीडी मी पुन्हा मिक्स करून पाठवली. या वेळी परत आली नाही. काही दिवसांनी फोन आला, "आता कसं बरोबर झालंय. नवीन स्पीकर घेतले वाटतं?" मी म्हणालो, "हो. करड्या रंगाचे." वर जाऊन इंदूताईंना सांगितलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या. अण्णांनी ओरडून विचारलं, "काय म्हनस तो?" त्यांनी अण्णांसमोर बसून हळू आवाजात सांगितलं. अण्णांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि पाठीत एक जोरदार थाप मारली.

दोन-तीन वर्षांनी त्यांच्या दवाखान्याची मालकी बदलली. नव्या डॉक्टरांनी ऐकायची मशीनं विकायला ठेवली. पुढचं मला इंदूताईंनी एका गुरुवारी, गाणं संपल्यावर, अगदी दोन वाक्यांत सांगितलं. कागदावरची रेघ जरा खाली काढा, म्हणजे पेशंटला मशीन घ्यावंसं वाटेल, असं त्यांना सुचवण्यात आलं होतं. त्यांनी रेघ होती तिथेच काढली, सही केली, आणि त्याच टेबलावर राजीनामा लिहिला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता रोजच गुरुवार," त्या म्हणाल्या. हा त्यांनी केलेला मला माहीत असलेला एकमेव विनोद.

महिनाभरात त्या अण्णांना घेऊन देवळ्याला गेल्या. सामान टेम्पोत चढवताना मी होतो. एक राखाडी सुटकेस त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. त्यात जुनं, नेता येणारं तपासणीचं मशीन होतं, त्यांनी स्वतः विकत घेतलेलं. ते घेऊन त्या देवळा, कळवण भागातल्या शाळांत मुलांचे कान तपासायला लागल्या, असं कानावर येत होतं.

त्यानंतर भेट झाली ती कळवणला, आणि ती शेवटचीच ठरली. एका संस्थेच्या शाळेचं गीत रेकॉर्ड करायला मी माइक घेऊन जीपने गेलो होतो. काम आटोपल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, शेजारच्या प्राथमिक शाळेत कानाची तपासणी चाललीय, देवरे मॅडम आल्यात. मी धावतच गेलो.

इंदूताई पाचवीच्या वर्गात होत्या. केस पांढरे झाले होते, बाकी तशाच. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तपासणी दरवर्षी करता ना? वाढलं नाही ना?" वाढलं नाही, असं मी सांगितल्यावर मग कसे आहात, माधुरी कशी आहे, हे झालं. अण्णा आदल्या वर्षी गेल्याचं सांगितलं. तेवढ्यात वर्गशिक्षक आले. सगळ्यात मागच्या बाकावर एक उंच मुलगी एकटी बसली होती. गुरुजी तिच्याकडे हात करून म्हणाले, "ह्या सोनालीचं बघून काही उपयोग नाही मॅडम. डोकंच चालत नाही हिचं. लक्ष नसतं."

इंदूताईंनी टेबलावरची हजेरी उचलून आपल्या तोंडासमोर धरली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सोनाली, इकडे ये." मुलगी तशीच बसून राहिली. इंदूताईंनी हजेरी बाजूला केली आणि तेच, तितक्याच हळू म्हटलं. मुलगी उठून लगेच आली.

गुरुजी मुलीजवळ आले.

"ही तुमचं तोंड वाचते," इंदूताई म्हणाल्या. "तुम्ही फळ्याकडे वळून शिकवता तेव्हा हिच्यासाठी शाळा बंद असते. तरी पाचवीपर्यंत आली. डोकं चालत नाही म्हणता?"

"बरोबर आहे मॅडम. उद्यापासून पुढे बसवतो."

"उद्या कशाला?"

बाहेर माझ्या जीपचा हॉर्न वाजत होता. मी म्हणालो, ताई, मी थांबतो. "नको, अंधाराच्या आत नाशिकला पोचा," त्या म्हणाल्या, आणि मला निरोप देऊन मागच्या बाकाकडे गेल्यासुद्धा. मी जीपमध्ये बसलो. वर्गाची खिडकी समोरच होती. आत साठीच्या इंदूताईंनी पदर कमरेला खोचला होता आणि तो लाकडी बाक एका बाजूने उचलला होता. दुसरी बाजू त्या मुलीने धरली होती. गुरुजी मध्ये मदतीला येऊ बघत होते, त्यांना त्यांनी मानेनेच बाजूला केलं. बाकीची पोरं आपापले बाक सरकवून वाट करून देत होती. जीप वळली तेव्हा बाक निम्म्या वर्गापर्यंत आला होता.